वादळानंतर केरसुणी उचलण्यापूर्वी

वादळ ओसरलं, की घरातली बाई पहिली गोष्ट कोणती करते? पदर खोचते आणि केरसुणी हातात घेते. फुटक्या कौलांचे तुकडे, भिजून जड झालेल्या गाद्या, माजघरात शिरलेला चिखल आपल्याला बघवत नाही. मुलांच्या पायात काच जाईल ही धास्ती असतेच. चार तासांत घर पुन्हा होतं तसं करायचं, हा आपला स्वभावच आहे. पण मैत्रिणींनो, घराचा किंवा होडीचा विमा उतरवलेला असेल, तर हीच घाई फार महागात पडते. विम्याची भरपाई नुकसान पाहून मिळते. आणि पाहायला माणूस येईपर्यंत आपण ते नुकसान झाडून, पुसून उकिरड्यावर टाकून मोकळ्या झालेल्या असतो!

मी रायगड जिल्ह्यात किनाऱ्याजवळच्या एका गावात राहते. घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ भर दुपारी आमच्याच जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यानं श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा आणि पलीकडे मंडणगड, दापोलीपर्यंत कौलं, पत्रे पत्त्यांसारखे उडाले. नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्यातून सावरतोय तोवर मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आलं. ते खरं म्हणजे १७ मे च्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. पण जाता जाता सिंधुदुर्गापासून वरपर्यंत आपल्या सगळ्या किनाऱ्याला झोडपून गेलं. त्याआधी नोव्हेंबर २००९ मधलं 'फयान' मच्छीमारांच्या घरांत अजून कुणी विसरलेलं नाही.

या दोन वादळांनंतर आमच्या गावात बऱ्याच जणांनी विम्याचे क्लेम केले. काहींना बऱ्यापैकी पैसे मिळाले, काहींना अगदी तुटपुंजे, तर काहींच्या हातात नुसतं कंपनीचं पत्र आलं. असं का झालं, याची विचारपूस करता करता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. नुकसान किती मोठं, यापेक्षा ते कागदावर किती नीट मांडलं गेलं, याला फार महत्त्व होतं. आणि घरात काय काय होतं, कधी घेतलं, केवढ्याला घेतलं, हे घरातल्या बाईइतकं कुणाला ठाऊक असतं? म्हणूनच 'विमा वगैरे यजमानांचं खातं' असं म्हणून आपण हा विषय बाजूला ठेवू नये.

सरकारी मदत वेगळी, विमा वेगळा

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरायला हवा. वादळानंतर तलाठी भाऊसाहेब (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) पंचनामा करायला येतात. तो सरकारी मदतीसाठी असतो. ही मदत विमा असो वा नसो, निकषात बसणाऱ्याला मिळते, आणि ती आधारापुरतीच असते. निसर्ग वादळानंतर राज्य सरकारनं पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५ हजार १०० रुपयांवरून दीड लाखावर नेली. आज दीड लाखात घर उभं राहतं का, हे 'घर पाहावं बांधून' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना विचारा! होडीचं तर विचारूच नका. २०१५ ते २०२० या काळातल्या आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत पूर्ण फुटलेल्या होडीला ९,६०० रुपये आणि पूर्ण गेलेल्या जाळ्याला २,६०० रुपये होते.

विम्याचे पैसे हा मात्र आपला हक्क आहे, कारण आपण हप्ता भरलेला असतो. तो मिळवायचा तर आपणच कंपनीला कळवावं लागतं. 'पंचनामा झाला, आता विम्याचंही आपोआप होईल' असं समजून आमच्या शेजारच्या एक काकू दीड महिना निवांत बसल्या होत्या. पंचनाम्याची प्रत मात्र जरूर घ्या. वादळ आपल्या घरावरून गेलं, याचा तो सरकारी पुरावा असतो आणि क्लेमला जोडता येतो.

आधी पॉलिसी शोधा आणि वाचा

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी विमा असतो, पण तो आहे हेच माहीत नसतं! घरासाठी कर्ज काढलं असेल, तर बँकेनं बहुधा घराचाही विमा उतरवलेला असतो. बँकेत जाऊन त्याची प्रत मागा. मात्र दोन गोष्टी पाहा. असा विमा पुष्कळदा फक्त इमारतीचा असतो, घरसामानाचा नसतो. आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असलं, तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो. म्हणून क्लेम करताना बँकेलाही लेखी कळवावं.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी घरविमा पॉलिसी ठेवावी लागते. तिच्यात वादळ, चक्रीवादळ, टायफून, हरिकेन, टॉर्नेडो, पूर, वीज, भूकंप, दरड अशा संकटांची यादीच दिली आहे. आपल्याकडच्या समुद्रात हरिकेन येत नाही, चक्रीवादळ येतं. पण इंग्रजी पॉलिसीत ही सगळी भावंडं एकाच ओळीत बसलेली दिसली, तर गोंधळून जाऊ नका. वाऱ्यानं उन्मळून घरावर पडलेलं झाड, म्हणजे बाहेरच्या वस्तूची धडक, हीसुद्धा त्यात येते.

या पॉलिसीतल्या गृहिणीनं लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी अशा:

इमारतीचा विमा घेतला, की घरसामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं. मात्र १० लाख रुपयांची मर्यादा आहे. म्हणजे घर १५ लाखांचं धरलं, तर सामानाला ३ लाख. जास्त हवं असेल तर सामानाची यादी देऊन वाढवून घेता येतं.

दागिने आणि इतर मौल्यवान वस्तूंना वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं. रोख पैसे, कागदपत्रं आणि वाहनं यात येत नाहीत. अंगणातल्या स्कूटरवर माड पडला, तर तिचा क्लेम वाहनविम्यात करायचा. आणि तोही पूर्ण विमा असेल तरच. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीचं नुकसान मिळत नाही.

पडझडीचा मलबा उचलण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. वादळानंतर सात दिवसांच्या आत उघड्या घरातून चोरी झाली, तर तीही धरली जाते. घर राहण्याजोगं उरलं नसेल, तर दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचीही तरतूद आहे. तिच्या अटी आपल्या पॉलिसीत वाचून घ्या.

जुन्या पॉलिसींत एक मोठी गोम असे. घर २० लाखांचं आणि विमा १० लाखांचाच असला, म्हणजे निम्माच, तर २ लाखांच्या नुकसानीलाही निम्मे, म्हणजे १ लाखच मिळत. 'भारत गृह रक्षा'मध्ये ही कपात काढून टाकली आहे; विमा रकमेच्या आत असलेलं नुकसान पूर्ण धरलं जातं. तुमच्याकडे जुनी किंवा वेगळ्या नावाची पॉलिसी असेल, तर हे कलम नक्की विचारा.

आणखी एक, खास कोकणातल्या घरांसाठी. मुंबईला बिऱ्हाड आणि गावाकडचं घर वर्षातले दहा महिने बंद, असं पुष्कळांचं असतं. आगीच्या जुन्या पॉलिसीत घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं, तर संरक्षण थांबे. आपल्या पॉलिसीत बंद घराबद्दल काय अट आहे, ते कंपनीकडून लेखी विचारून घ्या. घराच्या भिंती किंवा छप्पर कुडाचं, गवताचं असेल, तर तेही विमा घेतानाच सांगून ठेवावं.

पहिले दोन दिवस

वारा थांबला, वीज बंद असल्याची खात्री झाली आणि माणसं सुखरूप आहेत हे पाहिलं, की केरसुणीच्या आधी मोबाइल हातात घ्या. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून फोटो काढा. बाहेरून घराच्या चारी बाजू, छप्पर, पडलेलं झाड, भिंतीवर पाणी चढल्याची रेघ, सगळं यायला हवं. फ्रीज, मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन यांच्या मागच्या पट्टीवरचे नंबर दिसतील असे फोटो घ्या. मोबाइलची बॅटरी थोडी राहिली असेल, तर आधी छप्पर आणि मोठ्या वस्तू.

मग कंपनीला कळवा. निसर्ग वादळात आमच्याकडे फोन बंद, वीज तर कित्येक दिवस नाही. अशा वेळी कुणी तालुक्याला किंवा शहरात जाणारं असेल, त्याच्याबरोबर पत्र पाठवून शाखेची पोच आणावी. पत्राला वकील लागत नाही. साध्या मराठीत एवढं लिहिलं तरी पुरे:

'माझी अमुक क्रमांकाची घरविमा पॉलिसी आहे. अमुक तारखेस अमुक वाजण्याच्या सुमारास चक्रीवादळाने माझ्या अमुक पत्त्यावरील घराचे छप्पर, भिंत व घरसामान यांचे नुकसान झाले आहे. अंदाजे नुकसान अमुक रुपये आहे. कृपया क्लेमची नोंद करून क्रमांक द्यावा व सर्व्हेअर पाठवावा. घरात पाणी गळत असल्याने तात्पुरती ताडपत्री घालत आहोत. फोटो काढून ठेवले आहेत.'

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं आहे. विमा आहे म्हणून नुकसान वाढू द्यायचं नसतं. उघड्या छपराखाली घर आठ दिवस तसंच भिजत ठेवलं, तर कंपनी वाढीव नुकसानीला हरकत घेऊ शकते. तेव्हा ताडपत्री घाला, पाणी काढा, गाद्या उन्हात टाका. पण कायमची दुरुस्ती सर्व्हेअर येईपर्यंत थांबवा. ताडपत्रीचं, दोराचं, मजुरीचं बिल जपून ठेवा. बिल देत नसतील तर साध्या कागदावर रक्कम आणि तारीख लिहून सही घ्या. भिजलेला फ्रीज किंवा पंप चालतो का, हे बघायला बटण दाबू नका. इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि त्याचं लेखी मत घ्या.

फुटक्या वस्तू टाकायच्या नाहीत, हे सांगायला सोपं आणि करायला कठीण. आमच्या त्याच काकूंनी छपरावरची मंगलोरी कौलं फुटली म्हणून गड्यांकडून ओहोळापलीकडे टाकून घेतली आणि आठव्या दिवशी नवे पत्रे घातले. सर्व्हेअर आला, त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, "किती कौलं फुटली होती?" काकू म्हणाल्या, "सगळी!" त्यांचं खोटं नव्हतं. पण कागदावर 'सगळी' असा आकडा लिहिता येत नाही. तुकडे परसात एका कोपऱ्यात रचून ठेवले असते, तर मोजता आले असते. कुजलेलं धान्य, घाण झालेल्या गाद्या अशा ठेवताच येणार नाहीत त्या वस्तूंचा फोटो आणि मोजदाद करून, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन मगच टाकाव्यात.

खोलीवार वही

क्लेमचा फॉर्म शक्य तितक्या लवकर, 'भारत गृह रक्षा'मध्ये नुकसान कळल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. त्याबरोबर गेलेल्या सामानाची यादी लागते. इथं खरी परीक्षा आपली.

माझ्या माहेरी, श्रीवर्धनच्या बाजूला, निसर्ग वादळात माळा कोसळला. माझ्या भावजयीनं मुलाची शंभरपानी वही घेतली आणि पानांवर मथळे घातले: ओटी, माजघर, स्वयंपाकघर, माळा, पडवी. मग डोळे मिटून, प्रत्येक खोलीत उजव्या हातानं शिरून भिंतीच्या कडेनं जे जे होतं, ते लिहीत गेली. वस्तू, कंपनी, घेतल्याचं साल, तेव्हाची किंमत, आत्ताची अवस्था, असे पाच रकाने. पहिल्या दिवशी साठ वस्तू झाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी चाळीस आठवल्या. पितळेचा बंब, पाट, दळणाचे डबे, मुलींचे दप्तर-गणवेश, सासूबाईंची शिलाई मशीन! भाऊ सांगत बसला असता, तर 'फ्रीज, टीव्ही, कपाट' इथंच यादी संपली असती.

बिलं मात्र पाण्यात गेली होती. त्यावर तिनं काढलेली युक्ती मला फार आवडली. तिनं घरचे जुने फोटो जमवले. गणपतीच्या आरासीच्या मागे कपाट दिसत होतं, पुतणीच्या बारशाच्या फोटोत फ्रीज, पूजेच्या फोटोत टीव्ही. मुंबईच्या नातेवाइकांच्या मोबाइलमधूनही फोटो आले. दुकानदाराकडून बिलाची दुसरी प्रत, हप्त्यावर घेतलेल्या वस्तूंसाठी बँकेचं पासबुक, वॉरंटीची नोंद, हेही चालतं. सर्व्हेअरनं वही पाहिली आणि पानापानावर खुणा करीत गेला. दोन-तीन वस्तूंवर त्यानं शंका काढली, तेव्हा वहिनीनं फोटो पुढे केला.

यादीत मात्र नसलेली वस्तू घालू नका. "सगळेच वाढवून लिहितात" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण एक खोटी नोंद सापडली, तर अख्ख्या क्लेमवर संशय येतो आणि पॉलिसीच्या अटींप्रमाणे तो फेटाळताही येतो. खऱ्या नुकसानीची पूर्ण यादीच बहुधा आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठी भरते.

सर्व्हेअर घरी येतो तेव्हा

सर्व्हेअर हा विमा नियामकाचा परवाना असलेला, नुकसान मोजणारा माणूस. तो कंपनीनं नेमलेला असतो, पण त्याचं काम आहे तसं मोजण्याचं. चहा जरूर विचारा. आर्जवं करीत बसू नका. यादीची, फोटोंची आणि गवंड्याच्या किंवा सुताराच्या लेखी अंदाजपत्रकाची एक प्रत द्या, एक स्वतःकडे ठेवा. मूळ बिलं कधीही पोच घेतल्याशिवाय हातावेगळी करू नका. छप्पर, संडास, पाण्याची टाकी, कुंपणाची भिंत हे सगळं त्याला प्रत्यक्ष दाखवा. तो कोणत्या तारखेला आला, काय पाहिलं, काय मागितलं, हे त्याच संध्याकाळी वहीत टिपून ठेवा.

आता वेळेचंही बंधन आहे. जून २०२४ मध्ये विमा नियामकानं काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमावा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय घ्यावा, असं ठरलं आहे. मोठ्या वादळात हजारो क्लेम एकदम येतात, हे खरं. तरी या मुदती ठाऊक असल्या, की फोनवर 'बघतो, करतो' ऐकून गप्प बसायची गरज राहत नाही.

होडी असेल तर

किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांत चूल होडीवर पेटते. नवरा समुद्रावर, मासळीचा बाजार बाईच्या हाती आणि कित्येकदा होडीही तिच्याच नावावर असते. होडीचा विमा घराच्या विम्यापेक्षा अवघड, कारण त्याला १९६३ चा सागरी विमा कायदा लागतो आणि पॉलिसीगणिक अटी बदलतात.

पहिला प्रश्न हा, की विमा फक्त 'टोटल लॉस'चा आहे की दुरुस्तीचाही. टोटल लॉसची पॉलिसी स्वस्त पडते, पण होडी पूर्ण गेली तरच पैसे. फळी फुटली, इंजिन बिघडलं, तर काही नाही. दुसरं, पॉलिसीत काय काय नोंदलं आहे: सांगाडा, इंजिन, जाळी, वायरलेस? न नोंदलेली वस्तू मिळत नाही. तिसरं, पावसाळी मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीला संरक्षण आहे का? निसर्ग वादळ आलं ते जूनच्या तिसऱ्या दिवशी. ओढून ठेवलेली होडी म्हणजे सुरक्षित होडी, हे त्या दिवशी खोटं ठरलं.

होडीच्या क्लेमला नोंदणीचा दाखला, मत्स्यव्यवसाय खात्याचा चालू परवाना, पॉलिसी, तांडेलाचं आणि खलाशांचं लेखी निवेदन, मच्छीमार सोसायटीचं पत्र लागतं. नुकसानीची खबर मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला आणि पोलिसांना देऊन तिचीही पोच घ्यावी. परवाना संपलेला असला किंवा इशारा असताना होडी बाहेर गेली असली, तर क्लेम अडतो.

कायद्यानं होडीमालकावर एक कर्तव्य घातलं आहे: होडी वाचवण्याचा, नुकसान कमी करण्याचा शहाण्या माणसासारखा प्रयत्न करायचा. म्हणून खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन सर्व्हेअरची वाट पाहत तसंच ठेवू नये. ते बाहेर काढलं, की हवेनं गंज झपाट्यानं चढतो. फोटो काढून, कंपनीला कळवून लगेच मेकॅनिककडून गोड्या पाण्यानं धुऊन तेल घालून घ्यावं. होडी ओढायचा, बांधायचा खर्चही लिहून ठेवावा; पॉलिसीत तशी तरतूद असली तर तो मिळतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईची गोष्ट सांगते. तौक्तेमध्ये बंदरात नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आपटल्या. तिच्या होडीची एक कड फुटली, इंजिन पाण्याखाली गेलं, जाळी तर दिसलीच नाहीत. तिसऱ्याच दिवशी भंगारवाला रोख पैसे घेऊन दारात. घरात दाणा नव्हता, नवऱ्याच्या डोक्यावर सोसायटीचं देणं. तो म्हणाला, देऊन टाकू. ती म्हणाली, "सर्व्हेअर बघेपर्यंत एक खिळासुद्धा हलायचा नाही." आठवडाभर उसनवारीवर काढला, पण होडी ठेवली. पॉलिसी दुरुस्तीसकट होती, म्हणून सांगाड्याचे आणि इंजिनाचे पैसे मंजूर झाले. जाळ्यांची नोंद नव्हती, ती गेली ती गेलीच. पैसे यायला पाच महिने लागले आणि मागितले त्याहून कमी आले. तरी पुढच्या हंगामात होडी पाण्यात उतरली. भंगाराच्या पैशात ती उतरली नसती.

दुरुस्तीचा खर्च दुरुस्त झालेल्या होडीच्या किमतीहून जास्त होत असेल, तर ती जवळजवळ पूर्ण गेल्यासारखीच धरता येते. पण त्यासाठी 'होडी आम्ही कंपनीकडे सोडून देत आहोत' अशी सूचना वेळीच द्यावी लागते. ती देण्याआधी सांगाडा परस्पर विकू नये. अशा वेळी सोसायटीच्या जाणत्या माणसाचा किंवा वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

रक्कम कमी आली, नकार आला, तर?

घाबरून जाऊ नका आणि चिडून भांडूही नका. नकाराचं किंवा कपातीचं कारण लेखी मागा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. तो आपल्या वहीशेजारी ठेवून ओळीनं ताडून पाहा. कुठली वस्तू सुटली, कुठे जुनेपणाची घट जास्त धरली, ते लगेच दिसतं. माझ्या भावजयीच्या क्लेममध्ये पडवीचं छप्परच सुटलं होतं. तिनं एक पानी पत्र, फोटो आणि सुताराचं अंदाजपत्रक पाठवलं. दोन महिन्यांनी तेवढी रक्कम वेगळी आली.

'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली' अशा कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. रक्कम मान्य नसेल, तर तसं त्याच दिवशी लेखी कळवा. अशी सही घेतली म्हणून विमाधारकाला पुढे दाद मागण्यापासून अडवू नये, असं नियामकानं २०१५ सालीच कंपन्यांना बजावलं आहे.

पुढची पायरी म्हणजे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्याकडे मुंबई आणि पुणे इथं ही कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतची तक्रार चालते. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत करावी लागते. नियामकाच्या १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाचं दारही उघडं असतं. तिथं दोन वर्षांची मुदत आहे. कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ही पायरी आपल्यासारख्यांसाठीच ठेंगणी केली आहे.

वादळ यायच्या आधी

वादळाचं नाव बातम्यांत आल्यावर विमा काढायला धावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. मे महिन्यात पापड-कुरडया वाळत घालतो, लोणचं मुरवतो, तशीच एक दुपार या कामासाठी काढावी. पॉलिसीची मुदत बघावी. घराच्या पॉलिसीवर आपलंही नाव आहे का, ते बघावं. नसेल तर पुढच्या नूतनीकरणात घालून घ्यावं. प्रत्येक खोलीचे फोटो काढून ते दूरच्या बहिणीला किंवा भावाला पाठवून ठेवावेत. आपला मोबाइल पाण्यात गेला, तरी त्यांच्याकडे ते राहतात. पॉलिसी, घरपट्टीची पावती, होडीचे दाखले, बँकेची पासबुकं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून एका डब्यात ठेवावीत. आणि डबा कुठे आहे, हे घरातल्या दोघातिघांना सांगून ठेवावं.

आपण बायका वाणसामानाची यादी करतो, रुखवताची करतो, गावाला जाताना सामानाचीही करतो. तीच सवय इथं वापरायची आहे. एक वही, एक पेन आणि एक निवांत दुपार, एवढंच भांडवल. पावसाळ्याआधी वाण्याची यादी लिहायला बसाल, तेव्हा वहीचं मागचं पान उघडा आणि पहिला मथळा घाला: स्वयंपाकघर.